आरसा आणि मिक्सर

पनवेलच्या घरी वडिलांनी आरशामागे जुना मॉनिटर आणि छोटा कॉम्प्युटर बसवला. काचेत वेळ, तापमान आणि बातम्या दिसत. जवळ सॉकेट एकच असल्याने दोन्हींच्या वायरी एका एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्या होत्या.

उरणहून बहिणीचे सासरे आले. त्यांनी थक्क व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. "आता बघा, काचेत बातम्या दिसतील," वडील म्हणाले. आरसा साधा आरसाच राहिला. बोर्डाची पिन काढून आईने तिथे मिक्सर लावला होता.

"सोलकढीचं खोबरं वाटतेय," ती म्हणाली. "आरशाला जरा कळ काढू दे."

तोवर व्याह्यांनी आरशात बघून मिशा विंचरल्या.

"झकास हाय. घरच्या आरशात मी जाडा दिसतो. आमाला पन असाच बनवून द्या, बातम्या नको."

वडिलांनी मापे विचारली.