उपाशीपोटी घेतलेला चहा

रक्त तपासायला उपाशीपोटी या, असं सांगितलेलं असताना मी दवाखान्याच्या फाटकासमोर उभा राहून चहा प्यालो. एक नव्हे, दोन. वर बायकोच्याही हातात एक दिला. ह्यात लबाडी काही नव्हती. आमच्या घरी चतुर्थी असो की सोमवार, उपासाला चहा चालतो. तीन कप रिचवलेला माणूससुद्धा दुपारी तोंड वाळवून सांगतो, की सकाळपासून उपाशी आहे. चहाला खाण्यात धरायची पद्धतच आमच्याकडे नाही.

मुळात आम्ही आठवडाभर आधी गेलो होतो ते माझ्या खांद्यासाठी. शहापूरला हायवेच्या कडेला माझं किराण्याचं दुकान आहे. पोती उचलून खांदा गेला, असं मी सांगायचो. खरं तर गल्ल्यावर बसून बसून तो आखडला होता. भंडाऱ्याच्या त्या दवाखान्यात तपासणीच्या रांगेशेजारी एक टेबल मांडलं होतं. तिशीच्या वरचा जो कोणी येईल त्याला तिथली सिस्टर बसवून घ्यायची, पोटाभोवती टेप लावायची आणि विचारायची, काम बसून की उभ्यानं, चालता किती, आईवडिलांना शुगर होती का. मला टेप लावताना तिला खुर्ची सोडून उठावं लागलं.

"मॅडम, दुसरा टेप जोडा जी," मी म्हणालो. रांग हसली. रांग हसली की मला बरं वाटतं, ही माझी जुनी खोड.

माझ्या मागं बायको उभी होती. काटकुळी, तीन एकर धानाच्या बांध्यांमध्ये दिवसभर वाकून असणारी. सिस्टर तिला म्हणाली, "बाई, तुम्ही पण बसा."

"तिले काय होते जी," मी म्हणालो. "शुगर आमच्यासारख्या बसून खाणाऱ्याले होते."

"आईला शुगर होती का?" सिस्टरनं तिलाच विचारलं.

"माय आंधळी झाली होती मरताना," बायको म्हणाली. "पायाची जखमही भरत नव्हती. कायनं ते कोणी इचारलंच नाही."

सिस्टरनं ते लिहून घेतलं आणि पुढच्या मंगळवारी दोघांनाही सकाळी बोलावलं. काहीच घेऊन येऊ नका, पाणी तेवढं चालेल, असंही म्हणाली. ते मी ऐकलं होतं. बायकोनंही ऐकलं होतं.

म्हणून मंगळवारी फाटकासमोर कप हातात धरून तिनं विचारलं, "चालते का जी?"

"चाय कायचं खाणं होते. पे." असं म्हणून मी चिठ्ठी काढायच्या रांगेत गेलो. परत आलो तेव्हा ती रिकामा कप डब्यात टाकत होती.

बोटं टोचून झाली. माझी साखर एकशे एकतीस निघाली, तिची दोनशे चौदा. सिस्टरनं दोघांकडं पाहिलं. "खरंच उपाशी आहात?"

"हो जी. नुसते चायवर आहो."

तिनं पेन खाली ठेवला. "आणि चहात काय मीठ घालता का?"

रांग पुन्हा हसली. आता मी थांबणार थोडाच. सिस्टर बायकोकडं वळली, "तुम्ही पण?" आणि बायको "मी त" एवढं म्हणते तोच मी मध्ये पडलो. "दोघंही पेलो जी. चायवाल्यानं हिच्या कपात साखर जास्त टाकली असन, म्हणून हिची जास्त निघाली." सगळे खूप हसले. बायकोही हसली, असं मला तेव्हा वाटलं.

सिस्टर हसली नाही. ह्या आकड्यांचा आता भरवसा नाही, गुरुवारी पुन्हा या, बाईंना तर नक्की आणा, असं म्हणून तिनं कागदावरच्या आकड्यांवर दोन रेघा ओढल्या. तो कागद मी घरी कॅलेंडरमागं खोचला.

गुरुवारी साळ्याकडं बारसं होतं. तिथं मी ही गोष्ट पहिल्यांदा रंगवून सांगितली. पंगतीत साळ्याला ठसका लागला. मग लग्नांत सांगितली, एका तेरवीतसुद्धा सांगितली. दर वेळी गोष्ट सुधारत गेली: दोन चहांचे चार झाले, सिस्टरचा आवाज जाड झाला. नातेवाइकांत म्हणच पडून गेली. कोणाची साखर निघाली की दुसरा म्हणणार, "चायनं वाढली असन." मी सांगत असताना बायको वाढत असायची. दोनशे चौदावर लोक हसले, की ती भाताचं टोपलं घेऊन पुढच्या माणसाकडं जायची.

दवाखाना रोवणी झाल्यावर ठरला, मग दिवाळी झाल्यावर, मग धान घरात आल्यावर. मधल्या काळात ती तासातून चारदा पाणी प्यायला घागरीशी जायची, आणि उन्हाचं पाणी जास्त लागतं, हे मी दुकानात बसून ठरवून टाकलं होतं.

कापणीच्या वेळी तिच्या पायात धसकट गेलं. रात्री पाय धुताना पाणी लाल झालं, तेव्हा कळलं.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"म्हशीची कातडी आहे तुही," मी म्हणालो, आणि हळद आणून दिली. पंधरा दिवसांनी अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं, वास येऊ लागला, तेव्हा कुठं माझी थट्टा थांबली.

डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं सरळ सांगितलं: साखर साडेतीनशेच्या वर आहे, बोट काढावं लागेल, पाय वाचवायचा असेल तर आजच. बोट सुजलेलं असल्यामुळं जोडवं निघेना. तिथल्या सिस्टरनं जोडवं कापून काढलं आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मी ते शर्टच्या खिशात ठेवलं. बोट गेलं. पाय राहिला, पुढं काय, हे डॉक्टर अजून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी तो पट्टी पाहायला आला. "ह्यांची शुगर पहिल्यांदा कधी कळली?"

"उन्हाळ्यात निघाली होती, सर," मी म्हणालो. "पण ती चहाची होती." सवयीनं माझं तोंड हसायच्या तयारीतही आलं होतं. त्यानं ते लिहून घेतलं आणि तो पुढच्या खाटेकडं गेला.

बायको वरच्या पंख्याकडं पाहत पडली होती. तशीच म्हणाली, "अजी, त्या दिवशी मी चाय पेलीच नव्हती. फाटकाजवळच्या कडूलिंबाच्या बुडाशी ओतली होती. पाणी सोडून काही घेऊ नका म्हणलं होतं न त्या बाईनं."

 मी विचारलं, तेव्हाच काहून नाही सांगितलं.

"सांगून राहिली होती," ती म्हणाली. "तुम्ही साऱ्याले हासवून राहिले होते."