चर्चची अर्धी प्रदक्षिणा

तलवाड्यात किराणा दुकान चालवणारी माझी आई, शिवगंगा, सत्त्याण्णव साली माझ्याकडे नॉर्वेला आली. डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या काठाकाठानं गाडी चालवत मी तिला जुनी लाकडी चर्चं दाखवत होतो. एका चर्चला तिनं चपला काढून प्रदक्षिणाच सुरू केली. वाटेत छपराच्या पाण्याची पन्हळ आडवी आली. महादेवाच्या देवळातली ओलांडत नाहीत, म्हणून हीही न ओलांडता आई माघारी वळली.

"आई, हे महादेवाचं देऊळ नाही," मी म्हणालो.

"म्हाईत हाय मला. देव तर हाय ना?"

तेवढ्यात मागून येणारे गोरे प्रवासी, तिथली रीतच असावी असं समजून, पन्हळीपाशी एकेक करून माघारी वळले.

गाडीत बसताना आई ऐटीत म्हणाली, "लई गुणी लोक हायत. एकदा दाखवलं की जमलं."