आधी माणूस सांग

डॉ. इंदुमती ओव्हाळ यांची आणि माझी ओळख आधी कानाने झाली. त्या मला दिसल्या त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. मी नुकतीच एका रुग्णवाहिका सेवेत डॉक्टर म्हणून लागले होते. तेव्हा पुण्यात सगळंच नवं नवं होतं. लोकांच्या हातात मोबाइल आले होते, शहराच्या कडेला ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि रुग्णाला न्यायला येणाऱ्या गाडीत डॉक्टरही असतो, याचं लोकांना अप्रूप होतं.

ओव्हाळबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बाईंच्या कार्याचा आढावा घ्यायला सांगितलं आहे. आढावा घेणं मला जमणार नाही, हे आधीच सांगते. बाईंचं नाव निघालं की माझ्या डोळ्यांपुढे गाडीची मागची काच येते. आम्ही रुग्णाशेजारी बसतो ते मागे तोंड करून, त्यामुळे हे शहर मी नेहमी लांब जाताना पाहिलं आहे. मंडईचा कळस लहान होत जातो, फुलवाल्या लहान होत जातात, रस्ता मागे वाहत राहतो, आणि त्या सगळ्यावर कानाशी बाईंचा आवाज असतो. इतक्या वर्षांत किती माणसं नेली ते मला आठवत नाही, पण तो आवाज आणि तो मागे वाहणारा रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो.

पहिला फोन झाला तो बुधवार पेठेतल्या श्री. दाते यांच्या घरून. रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान खाली आणि घर वर. दुपारची वेळ होती. पोटात जळजळतंय, घाम आलाय, अशी तक्रार. मी तपासलं तर नाडी बरी, रक्तदाबही फार वाईट नाही. दाते पलंगावर बसून हसतमुखाने म्हणाले, "काल मिसळ जरा जास्त झाली. आपल्याला उगाच त्रास दिला. मनापासून आभार मानतो. सरबत घेऊन जा."

मला वाटलं, किती सज्जन माणूस! जवळच्या नर्सिंग होममध्ये नेऊन तासभर झोपवावं, असं मी सुचवलं. त्यावर दातेकाकू म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे, पण आधी आमच्या बाईंना विचारा."

पुण्याच्या जुन्या घरांतली ही रीत मला तेव्हा अजिबात आवडत नसे. दारात गाडी उभी, आत डॉक्टर उभी, आणि यांना फॅमिली डॉक्टरची परवानगी हवी! मी जरा रागातच फोन घेतला आणि नाडी, रक्तदाब, श्वास धडाधडा सांगून टाकलं.

"आकडे तुमच्याकडे आहेत, ते तुमच्याकडेच राहू द्या," पलीकडून कोरडा, सावकाश आवाज आला. "मला आधी माणूस सांगा. काय बोलले ते?"

"छान बोलतायत. आभार मानले. सरबत घेऊन जा म्हणाले."

"दाते आभार मानतायत?"

"हो."

"अहो, त्या माणसाला मी त्यांच्या लग्नाआधीपासून ओळखते. माझ्या औषधाने बरं वाटलं तर 'बहुधा आपोआप वाटलं असावं' असं तोंडावर सांगतात. ते गोड बोलतायत म्हणजे भ्यायलेत. एक पायरी उतरू देऊ नका, खुर्चीतून न्या. आणि नर्सिंग होम नको, हृदयाची सोय असेल तिथेच चला."

गाडी लक्ष्मी रस्त्याला लागेपर्यंत दात्यांचा रक्तदाब कोसळला होता. हृदयाचा मोठा झटका होता तो. खालच्या चौकातल्या नर्सिंग होममध्ये ते जगले नसते, हे मला इस्पितळातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. दाते वाचले. घरी परतल्यावर त्यांनी मला निरोप पाठवला, "तुमची गाडी बैलगाडीपेक्षा थोडी बरी आहे." तो निरोप ऐकून मला जो आनंद झाला, तो एम.बी.बी.एस.च्या निकालालाही झाला नव्हता.

संध्याकाळी त्याच आवाजाचा फोन. "माझा माणूस नेलात. कुठे ठेवलात, कसा आहे, हे सांगायची पद्धत नाही का तुमच्यात?"

नव्हती. खरंच नव्हती. आम्ही रुग्ण इस्पितळाच्या दारात सोपवायचो आणि पुढच्या फोनकडे धावायचो. ज्या डॉक्टरांनी त्या माणसाला जन्मभर सांभाळलं, त्यांना तो गेला की राहिला हे कधी कधी शेजाऱ्यांकडून कळे. बाईंनी हे बदलायला लावलं. त्यांनी आपल्या सगळ्या रुग्णांना सांगून ठेवलं की गाडी बोलावलीत तर गाडीतल्या डॉक्टरला मला फोन लावून द्यायचा. आणि आम्हाला सांगितलं की माणूस पोचला की मला कळवायचं. त्यासाठी समिती नाही, ठराव नाही. दोन फोन, एवढंच. पुढे आमच्या सेवेतल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला मी हेच शिकवत आले.

मग एकदा मी त्यांना प्रत्यक्ष पाहायला गेले. मंडईमागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना. आत येताना कोथिंबिरीचा ओला वास आपल्याबरोबर आत येतो. भिंतीवर बुद्धाची शांत तसबीर, खिडकीतून टेबलावर सरकत येणारं दुपारचं ऊन, आणि बाकावर निवांत बसलेली माणसं. तिथे बसलं की घड्याळ कुणीतरी हळू केलंय असं वाटतं. बाईंच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा त्या लहान होत्या. त्यांच्या घरात डॉक्टर होणाऱ्या त्या पहिल्याच. सुरुवातीला दारावरचं आडनाव वाचून पुढे जाणारी बरीच माणसं पेठांत होती. त्यातली पुष्कळशी नंतर त्याच बाकावर येऊन बसली. बाईंनी त्यांना कधी आठवण करून दिली नाही, पण मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "विसरले असं नाही. पण ताप आलेल्या माणसाशी काय भांडायचं?"

त्या पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तोंड उतरलंय. आत डबा आहे, खा आणि मग बोल." तेव्हापासून मी 'तुम्ही'ची 'तू' झाले. लोणी काळभोरहून माझी आई आली की तिलाही मी बाईंकडे नेत असे. आई म्हणायची, "बाई, पोरीकडं जरा बघा, लई वाळलीया." बाई म्हणायच्या, "औषध नाही त्याला. दोन वेळा जेवायला सांगा." आणि मग आईचा हात हातात धरून गुडघ्यांची चौकशी करत बसायच्या. कौतुक मात्र त्यांनी कुणाचंच केलं नाही. माझं तर नाहीच. चांगलं काम झालं तर "बरं" म्हणायच्या. त्या "बरं"साठी आम्ही जीव टाकायचो.

शहर पसरत गेलं. काचेच्या इमारतींतून आम्हाला फोन येऊ लागले. एका तरुण इंजिनिअरला न्यायला गेलो, तो बेशुद्ध होता. फॅमिली डॉक्टर कोण, विचारलं तर मित्र म्हणाला, "तसं कोणी नाही मॅम, कंपनीचं कार्ड आहे." मी हताश होऊन बाईंना फोन केला. त्यांचा तो रुग्णही नव्हता. त्या म्हणाल्या, "मित्राला विचार की. कोणीतरी असतंच ओळखणारं." मित्राला विचारलं तेव्हा तो आठवत आठवत म्हणाला, "ॲक्च्युअली तो दोन-तीन दिवस खूप पाणी पीत होता. बाटली घेऊनच फिरायचा. आम्ही चेष्टा पण केली." साखर मोजली तर यंत्राच्या पलीकडे गेलेली. कुणालाच माहीत नव्हतं की त्याला मधुमेह आहे. सलाईन लावून आम्ही निघालो. मागच्या काचेतून त्या इमारती संध्याकाळच्या उन्हात सोनेरी होऊन लांब जात होत्या, आणि त्यांतल्या हजारो खिडक्यांमागे कुणाला कोण ओळखत असेल, असा विचार मी करत बसले होते.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख मला संपवता येणार नाही.

एका दुपारी बाईंच्या दवाखान्यातून फोन आला. बाईंच्या कंपाउंडर सुमनताई बोलत होत्या. बाईंना गरगरतंय, लवकर या. मी पोचले तेव्हा बाई स्वतःच्या तपासणीच्या टेबलावर आडव्या होत्या. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, साखर ठीक. हातपाय हलवत होत्या. "उन्हाचं झालं असेल," म्हणाल्या. "पडते थोडी, होईल बरं." सगळे आकडे त्यांच्या बाजूने होते. तरी मला चैन पडेना. आणि अशा वेळी वर्षानुवर्षं जे करत आले तेच माझ्या हाताने आपोआप केलं. फॅमिली डॉक्टरांना फोन लावला.

टेबलाखाली ठेवलेल्या बाईंच्या पर्समध्ये फोन वाजू लागला.

आम्ही दोघी तो ऐकत राहिलो. खिडकीतलं ऊन टेबलावर आलं होतं. मला एकदम फार पोरकं वाटलं. आता विचारायचं कुणाला? या माणसाला ओळखणारं कोण?

बाईंनी डोळे उघडले. माझा हात धरला आणि गोड हसून म्हणाल्या, "किती छान काम करतेस गं वैशाली. मला तुझा खूप अभिमान वाटतो."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं झुरले होते, आणि ते ऐकताच मी ओरडले, "स्ट्रेचर आणा! निघायचं!"

इस्पितळातला तरुण डॉक्टर चांगला होता, पण गडबडीत होता. त्याने बाईंना नाव, वार, गाव विचारलं. बाईंनी सगळं बरोबर सांगितलं. वर "किती हुशार आहेस बाळा" म्हणाल्या.

"मॅडम, या तर एकदम नॉर्मल आहेत," तो म्हणाला. "थोडा वेळ ऑब्झर्व्हेशनला ठेवू."

"तुम्ही आकडे बघताय," मी म्हणाले, "मी तुम्हाला माणूस सांगते. या बाईंनी जन्मात कुणाला शाबासकी दिलेली नाही. आत्ता यांनी दोघांना दिली. या आमच्या बाई नाहीत. डोक्याचा स्कॅन करा, आत्ता."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि केला. डोक्यात रक्त साठत होतं. काही दिवसांपूर्वी औषधाच्या कपाटाचं दार त्यांच्या डोक्याला लागलं होतं. तेव्हा त्यांनी ते कुणाला सांगितलंही नव्हतं. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. मी बाहेर बसून होते. जन्मभर ज्यांना "पोचला, ठीक आहे" असं कळवत आले, त्यांच्याबद्दल कुणाला कळवायचं ते सुचेना. शेवटी मी दात्यांना फोन केला. ते आता खूप थकले आहेत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बऱ्या होतील. माझं शेवटचं औषध चुकवल्याशिवाय त्या जायच्या नाहीत."

दोन दिवसांनी मला आत सोडलं. बाईंनी डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं.

"गाडीतली चादर मळकी होती," त्या म्हणाल्या. "आणि मला पायांकडून आत घातलंत. शिकवलं नाही का कुणी?"

मी तिथेच, त्यांच्या पलंगाच्या कडेला डोकं टेकून, ढसाढसा रडले.

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. पुन्हा दवाखान्यात बसू लागल्या आहेत, पूर्वीपेक्षा थोडा वेळ कमी. बाकावर तशीच माणसं, टेबलावर तसंच ऊन. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची इच्छा आहे. माझं स्वतःचं मागणं मात्र याहून लहान आहे. हा ग्रंथ हातात आल्यावर बाईंनी हा लेख वाचावा, चष्मा काढून ठेवावा आणि "फार लांबवलंस" एवढंच म्हणावं. चुकून जरी त्यांनी कौतुक केलं, तरी सुमनताई, मला लगेच फोन करा. मी गाडी घेऊन येते.