मागच्या चाकाचं माप

छताची रेघ तीन दिवस जुळत नव्हती.

टेबलावर एका जुन्या मोटारीचं एकास आठ स्केलचं मॉडेल होतं. म्हणजे खऱ्या गाडीतले आठ सेंटीमीटर मॉडेलमध्ये एक सेंटीमीटर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी इंग्लंडहून बोटीने आलेली गाडी. लांबलचक बॉनेट, मागे उतरत गेलेलं छत. पुढच्या दारापर्यंत सगळं छान झालेलं. तिथून मागे छत एक सेंटीमीटर खाली येत होतं.

मी डोंबिवलीत एमआयडीसीच्या एका गाळ्यात मॉडेलं बनवते. वीस वर्षं झाली. बहुतेक कामं बिल्डरांची. टिटवाळ्याचे टॉवर, त्यांची गार्डन्स, त्यांचे स्विमिंग पूल. बिल्डरला पूल जरा मोठा हवा असतो. मी देते. गाडीचं काम मात्र पहिलंच, आणि इथे 'जरा मोठा' चालणार नव्हतं.

कारण ही गाडी खरोखर अर्धी होती. ठाण्याचे प्रधानकाका, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या आजोबांनी ती घेतलेली. पुढे ती विकली गेली आणि कोणीतरी मागचा भाग कापून तिचा पिकअप केला. काकांनी अनेक वर्षांनी ती शोधून परत घेतली. जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कामतांच्या बाळकुमच्या शेडमध्ये ती उभी होती. मागचा भाग नव्याने बनवायचा होता. आधी मॉडेल, ते काकांनी पास केलं की त्यावरून प्लायवूडचे खऱ्या मापाचे फर्मे, म्हणजे साचे, आणि फर्म्यांवर पत्रा वाकवायचा.

आधार एकच, काकांच्या आत्याच्या लग्नातला फोटो. पुढचा भाग वऱ्हाडामागे झाकलेला. मागचा अर्धा भाग आणि मागचं चाक स्वच्छ दिसत होतं. फोटोवरून माप काढायचं तर त्यातल्या एका तरी वस्तूची खरी लांबी माहीत लागते. मी शेडमध्ये जाऊन गाडीचं मागचं चाक मोजलं. तीच माझी पट्टी.

त्या पट्टीने काढलेलं छत गाडीच्या उरलेल्या छताशी जुळेना. मी म्हटलं, कॅमेरा तिरका असेल, जुनी लेन्स असेल. मग छताला थोडा जास्त उतार दिला, दाराजवळ पुट्टी भरून सांधा बुजवला. काम झालं. पण टेबलापाशी गेले की हात पुन्हा त्याच जागी जायचा.

शेडमध्ये मॉडेल नेलं तेव्हा काकांनी ते चारही बाजूंनी पाहिलं. मागच्या काचेवरून बोट फिरवलं.

"हीच," ते म्हणाले. "अगदी हीच." आणि कामतांनी पुढे केलेल्या कागदावर सही केली.

कामतांचे डेंटर दामूदादा भोईर बाजूला उभे होते. बाळकुमचेच. चाळीस वर्षं पत्रा ठोकतायत.

"मांगशी बसल्यासारी वाटतं गो," ते मला हळूच म्हणाले.

"फोटोत तशीच आहे, दादा."

"तू शिकलेली. तू सांगशील तसा वाकवीन."

मी हसले. परत येताना मात्र ते 'बसल्यासारी' डोक्यातून जाईना. फर्मे कापून शेडमध्ये पाठवले. मी दुसरं काम हातात घेतलं आणि एका सोसायटीच्या गेटला दोनदा चुकीचा रंग दिला.

मॉडेलवर एकच बारीक काम बाकी होतं, टायरवरची अक्षरं. ती विचारायला एका सकाळी काकांना फोन केला.

"आता आहेत त्या टायरवरची नका घालू," ते म्हणाले. "ते वडिलांनी नंतर बसवलेले. जुन्या मापाचे टायर मिळेनात म्हणून चाकंच बदलली."

"चाकं बदलली? कधी?"

"मी शाळेत होतो. आधीची उंच होती जरा. का हो?"

मी फोन ठेवला आणि फोटो पुढे ओढला. आत्याचं लग्न त्याच्या आधीचं. फोटोत मोठं चाक होतं आणि मी त्याला लहान चाकाचं माप लावलेलं. माझी पट्टीच आखूड होती. सगळा मागचा भाग आखूड, बुटका. खऱ्या गाडीत छत आठ सेंटीमीटर खाली.

कामतांना फोन लावला. उचलेनात. दामूदादा काम करताना फोन जवळ ठेवत नाहीत. स्कूटी काढली. मोठागावच्या पुलावरून माणकोली, मग काल्हेर, कशेळी. कंटेनरच्या मागे अडकले की मी मनातल्या मनात आकडे पुन्हा मांडायचे. दर वेळी उत्तर तेच यायचं.

पोचले तेव्हा डाव्या बाजूचा पत्रा वाकवून झाला होता. उजव्याची आखणी चाललेली.

"दादा, थांबा. माप चुकलंय. माझं."

त्यांनी हातोडा खाली ठेवला. ऑफिसमधून कामत बाहेर आले. मी सगळं सांगितलं. छत जुळत नव्हतं आणि मी ते दडपलं, हेही.

"मालकांनी पास केलंय, मॅडम," कामत म्हणाले. "सही आहे."

"माझ्या चुकीवर सही आहे ती."

"आठ सेंटीमीटर कोणाला दिसणारेत? आता कशाला उकरून काढताय?"

"मना दिसतं," दामूदादा म्हणाले. "मी तवाच बोललो."

कामतांनी माझ्याकडे पाहिलं. "काकांना तुम्ही सांगणार असाल तर बघा."

मी तिथूनच फोन लावला. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"पण मी तर ओळखली होती गाडी," ते शेवटी म्हणाले.

"हो काका."

"मग मी ओळखलं काय?"

मी फक्त सॉरी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. "आता होती तशी करा."

नवं मॉडेल आणि नवे फर्मे करायला नऊ दिवस लागले. जुन्या चाकाचं माप गाडीच्या कंपनीच्या जुन्या छापील कॅटलॉगमध्ये मिळालं; ते मला पहिल्याच दिवशी बघता आलं असतं. नव्या पट्टीने छताची रेघ दारापासून सरळ निघाली आणि हवी तिथे टेकली. काही तासावं लागलं नाही, बुजवावं लागलं नाही. डाव्या बाजूचा तो पत्रा फुकट गेला.

गाडी पूर्ण झाली तेव्हा काका मागच्या सीटवर बसले. डोकं छताला लागत नव्हतं. खाली उतरून लांबून बघत राहिले.

"कशी वाटते?" कामतांनी विचारलं.

"बरोबर असेल," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ते पहिलं मॉडेल टाकून नसेल दिलं तर मला द्या."

दिलं. त्यांच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये आता तेच आहे.

फोटो खोटं बोलत नाही म्हणतात, ते खरं आहे. खोटं बोलले ते मी, स्वतःशी. आता जुन्या वस्तूचं काम आलं की आधी विचारते, ह्यात नंतर काय काय बदललं? लोक म्हणतात, काहीच नाही. मी वही बंद करत नाही. पाचेक मिनिटांत त्यांना आठवायला लागतं.