न कुजणारं काळीज

झुंबर फुलांच्या मळ्यात वाढला. सकाळी खुडलेला झेंडू संध्याकाळी मान टाकतो, हे त्याला अक्षरओळखीआधीच कळलं होतं. पुढे तो नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचना विभागात मदतनीस म्हणून लागला आणि न सुकणाऱ्या वस्तू करायला शिकला. अवयवातलं पाणी थंड अॅसिटोनने काढायचं. मग तो पातळ सिलिकॉनच्या टाकीत बुडवायचा आणि पंपाने टाकीतली हवा ओढायची. अॅसिटोन बुडबुडे होऊन निघून जातं, त्याच्या जागी सिलिकॉन शिरतं. शेवटी गॅस दिला की अवयव रबरासारखा घट्ट होतो. त्याला वास नाही, कूज नाही.

हे त्याने घरी इतक्या कौतुकाने सांगितलं, की वडिलांनी, गेणूतात्यांनी, त्याच कॉलेजला देहदान केलं.

वर्षश्राद्धाला आई भागुबाईने पत्र्यावर घास ठेवला. कावळे तारेवर बसून राहिले.

"मळा विकणार नाय म्हण," चुलती सुलाबाई म्हणाली. झुंबर तसं म्हणाला.

"बायकोशी भांडणार नाय म्हण."

"काकी, खोटं बोलल्यावर तर अजिबात यायचा नाही तो," त्याची बायको सुवर्णा म्हणाली. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

ऊन चढलं. घास वाळू लागला. मग आई हळूच म्हणाली, "घरी आणतो म्हण."

"तात्या, तुम्हाला घरी आणतो."

एक कावळा पत्र्यावर उतरला.

सगळ्यांनी हात जोडले. तात्यांचं हृदय त्याच आठवड्यात सिलिकॉनमध्ये गेलं होतं. त्यानेच, स्वतःच्या हाताने, ते टाकीत सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने विभागप्रमुख शुभांगी मॅडमना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "देह घेऊन जा, अग्नी द्या. तेवढं मी करते. हृदयाचं मात्र तुम्हीच ठरवा. ते आता नीट जळणार नाही, झुंबर."

तो टाकीपाशी आला. जाड काचेखाली हृदयातून एक बुडबुडा सुटला, वर आला, फुटला. बऱ्याच वेळाने आणखी एक. बाहेर येऊन त्याने आईला फोन लावला.

"आई, देह मिळतोय. पण काळीज जळायचं नाही."

"मग गंगेत सोडू."

"विरघळणार नाही ते."

"मळ्यात पुरू. किती दिसांत माती हुईल?"

"होणारच नाही."

"म्हंजी? मी गेले, तू गेला, तरी?"

"तरी."

आईचा आवाज एकदम बारीक झाला. "नको रे बाबा. मळ्यात नको. वरनं पोरंसोरं चालत्यात. तिथंच ऱ्हाऊ दे त्यास्नी. पण तू हायेस ना तिथं? एकटं नको सोडू."

"मी आहे."

"अन् तू रिटायर झाल्यावं?"

आत पंप चालू होता. झुंबरने फोन ठेवला नाही. आईनेही ठेवला नाही.