रजिस्टरमधली चंद्रकोर

रजिस्टरमध्ये एकही नाव नव्हतं. तारीख होती, वेळ होती, कोणतं औषध किती दिलं ते होतं, शेवटी नर्सची सही होती. पण पेशंटच्या नावाच्या रकान्यात चित्रं होती. चंद्रकोर. माशाचा काटा. दोन आडव्या रेघा आणि मध्ये टिंब. काही चित्रांखाली एक, दोन, तीन अशा बारीक उभ्या रेघा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पेशंट," उम्म जासिम म्हणाल्या.

मी बहारीनमध्ये हेल्थकेअर ऑडिटर आहे. सीफ भागातल्या एका कंपनीत काम करतो. आमचं काम सोपं असतं. दवाखान्यात जायचं आणि कागदावर आहे तेच खोलीत आहे का, हे बघायचं. त्या वर्षी सरकारचं नवं धोरण आलं होतं. गावकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या छोट्या आरोग्य खोल्या एकतर नियमात बसवायच्या, नाहीतर मोठ्या हेल्थ सेंटरमध्ये मर्ज करायच्या. कोणाचं काय होणार, हे आमच्यासारख्यांच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

ही खोली उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या कोळ्यांच्या गावातली. सिकल सेलच्या पेशंटसाठी गावानेच उभी केलेली. सिकल सेल म्हणजे रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. मग हाडं फोडल्यासारखं दुखतं. आईबापांकडून येणारा आजार. खोलीत आठ खुर्च्या होत्या, सलाईन, गरम पाण्याच्या पिशव्या आणि दुखणं कमी करणारी इंजेक्शनं. आठवड्यातून तीनदा एक डॉक्टर येऊन तपासत, चिठ्ठी लिहून देत. बाकी सगळं गावातल्या बायकांची कमिटी बघायची. उम्म जासिम तिच्या प्रमुख. सरकारी हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स होत्या. भारतीय नर्सेसबरोबर काम करून हिंदी शिकलेल्या.

कपाटातली इंजेक्शनं मोजली. रजिस्टरशी तंतोतंत जुळली. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं उलटंच. आमच्या धंद्यात सगळं जुळलं की नजर जास्त तीक्ष्ण होते. नाव नसलेले पेशंट आणि एकाही इंजेक्शनचा फरक नाही? पेशंट खोटे असतील आणि औषध भलतीकडेच जात असेल, हे मी पाच मिनिटांत मनाशी ठरवून टाकलं.

माझ्याबरोबर इक्बालभाई होते. मूळ रत्नागिरीचे, कंपनीत ड्रायव्हर आणि दुभाषी दोन्ही. माझा त्यांच्यावरही संशय होता. उम्म जासिम पाच वाक्यं बोलायच्या आणि इक्बालभाई दोन सांगायचे.

"तुम्ही गाळून सांगताय," मी म्हणालो.

"साहेब, बाकीची तीन वाक्यं तुमच्याबद्दल होती," ते म्हणाले. "ती पण सांगू?"

मी चिठ्ठ्या मागितल्या. रजिस्टरमधल्या कोणत्याही दहा चित्रांच्या नावानिशी चिठ्ठ्या. उम्म जासिमनी कुलूप लावलेल्या पत्र्याच्या पेटीवर हात ठेवला आणि थेट मला हिंदीत म्हणाल्या, "सब इधर है. कंपनी को नहीं. सरकार का डॉक्टर लाओ, उसको दिखाएगी."

"कंपनीला का नाही?"

"डॉक्टर का मुँह बंद रहता है. कंपनी का कागज दस टेबल पे जाता है." त्यांनी तिसऱ्या खुर्चीकडे डोळ्यांनी दाखवलं. तिथे वीस-बावीस वर्षांची एक मुलगी पडली होती. अबायात गुडघे पोटाशी घेतलेले, दात आवळलेले. "गाव को सब मालूम है. कागज बाहर गया तो लड़की का शादी मफी." मफी म्हणजे नाही, इथला रोजचा शब्द.

"लग्नाआधी रक्त तपासावंच लागतं इथे. तेव्हा कळेलच की."

"तब वो खुद बोलेगी. जिसको बोलना है, उसको. तुम नहीं बोलेगा."

मी रजिस्टरमध्ये बघितलं. त्या दिवशीच्या तिसऱ्या ओळीत चंद्रकोर होती. खाली तीन रेघा.

परतताना इक्बालभाईंनी न विचारता गाडी धक्क्याजवळ थांबवली. वाळूवर गरगूर रचून ठेवले होते. गरगूर म्हणजे तारेचे घुमटासारखे सापळे, समुद्रात सोडतात ते. प्रत्येकाच्या तरंगत्या डब्यावर रंगाने खूण काढलेली. चंद्रकोर. माशाचा काटा. दोन रेघा आणि टिंब.

"घराच्या खुणा, साहेब. कोणाचा सापळा ते कळायला. आजोबा-पणजोबांपासूनच्या," ते म्हणाले. "रजिस्टरमध्ये खाली रेघा म्हणजे त्या घरातला कितवा ते. तीन रेघा, तिसरी पोर. हेही गाळूनच सांगतोय, तुम्ही म्हणता तसं."

मला सगळं कळलं होतं. आणि मला आणखीही काही आठवत होतं, जे इक्बालभाईंना माहीत नव्हतं.

आखातात येण्याआधी मी नंदुरबारकडे लॅब टेक्निशियन होतो. आदिवासी पाड्यांवर सिकल सेलच्या तपासणीचे कॅम्प घ्यायचो. ज्यांना आजार निघाला त्यांना आम्ही रंगीत कार्डं द्यायचो. आश्रमशाळेत मुलांना रांगेत उभं करून, सगळ्यांसमोर, गळ्यात अडकवून. फोटोसुद्धा काढायचो. महिन्याभराने एका पावरा आदिवासी मुलीचा बाप चालत आमच्या केंद्रावर आला. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्याने कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. "हे तुमचंच आहे. तुम्हीच ठेवा." एवढंच बोलून तो गेला. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

म्हणजे उम्म जासिम काय म्हणत होत्या, ते आमच्या कंपनीत मला सोडून कोणालाच इतकं नीट समजण्यासारखं नव्हतं.

ऑफिसला आलो. आमचे मॅनेजर देशपांडे पुण्याचे.

"रिपोर्ट गुरुवारी हवाय," ते म्हणाले.

"सर, त्या म्हणतात सरकारी डॉक्टर पाठवा, त्याला सगळं दाखवते. डॉक्टरची व्यवस्था करायला आठवडा लागेल."

"तुला रेकॉर्ड दाखवले का?"

"नाही."

"मग तेच लिही. ऑब्झर्वेशन दे, कथा नको."

त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. पण देशपांडे तिथे गेले नव्हते, मी गेलो होतो. शिवाय मनात संशयाचा उंदीर अजून कुरतडत होता. घरं खरी असली म्हणून पेशंट खरे कशावरून? आणि खरं सांगायचं तर मला राग आला होता. एका बाईने मला पेटी उघडून दाखवली नव्हती. मी लिहिलं, 'पेशंटची ओळख पटवणारे रेकॉर्ड दाखवण्यात आले नाहीत.' वाक्य शंभर टक्के खरं होतं. सरकारी डॉक्टरला दाखवायची त्यांची तयारी होती, हे वाक्य मी लिहिलं नाही.

दोन महिन्यांत खोली मर्ज झाली.

सहा महिन्यांनी फॉलो-अप ऑडिटला मी त्या हेल्थ सेंटरमध्ये गेलो. नव्या खुर्च्या, नवा एसी. भिंतीवर स्क्रीन, त्यावर पेशंटचं पूर्ण नाव झळकतं आणि स्पीकरवर पुकारलं जातं. आठपैकी सहा खुर्च्या रिकाम्या. रिपोर्टच्या मसुद्यात कोणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं, 'मागणी घटली आहे.'

मी इक्बालभाईंना गावात न्यायला सांगितलं.

उम्म जासिमच्या घरी बैठकीच्या खोलीत गालिच्यावर चारजणी झोपल्या होत्या. गरम पाण्याच्या पिशव्या होत्या, पण सलाईन नव्हतं, इंजेक्शनं नव्हती. मी चंद्रकोर, तीन रेघा कुठे आहे, असं विचारलं. नाव मला आजही माहीत नाही.

"घर में दो दिन दर्द लेके बैठी. उधर स्क्रीन है, नहीं जाएगी बोली. फिर छाती में गया. बारा दिन आयसीयू."

"आता?"

"जिंदा है," त्या म्हणाल्या. "दो सीढ़ी चढ़ती है तो साँस मफी."

मी तिथेच बसून सांगितलं. की तुम्ही डॉक्टरला पेटी दाखवायला तयार होतात, ते मी लिहिलं नव्हतं. इक्बालभाईंनी भाषांतर करायला तोंड उघडलं. उम्म जासिमनी त्यांना हाताने थांबवलं.

"समझी. मालूम था," त्या म्हणाल्या. "तुम्हारा रिपोर्ट मैं पढ़ी. मेरा बात उसमें नहीं था."

माफी मी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, मला कळलं नाही. चहा दिला. चहा तिकडे सगळ्यांनाच देतात.

त्या आठवड्यात मी जुन्या रिपोर्टला पुरवणी जोडली. गाळलेलं वाक्य लिहिलं, मी गाळलं हेही लिहिलं. नव्या मसुद्यातलं 'मागणी घटली' खोडून 'पेशंट येणं टाळतात' असं लिहिलं. देशपांडे माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. वरून उत्तर आलं. स्क्रीनवर आता नावाऐवजी टोकन नंबर दिसतील. खोली परत देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

टोकन आल्यावर आणखी दोन खुर्च्या भरल्या. चार अजून रिकाम्याच आहेत. कोणता नंबर कोणाचा, हे लिहून घेणारी माणसं बाहेरचीच, हे गावाला माहीत आहे.

हल्ली 'रेकॉर्ड दाखवले नाहीत' असं लिहायची वेळ आली, की ते कोणाला दाखवायला तयार होते, हे मी पुढच्याच ओळीत लिहितो. देशपांडे ती ओळ काढून टाकतात. मी परत घालतो.