उकळत्या पाण्यातली प्लेट

माझी मुलगी आठवीत असताना तिने दातांची प्लेट नीट वापरली नाही, त्यामुळे दात सरळ करण्याचे उपचार अर्धवट राहिले आणि भरलेले पैसे वाया गेले, असं आमच्या नात्यात सगळे मानतात. तसं घडलेलं नाही. ती प्लेट मी बिघडवली आणि गप्प बसलो. या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. मुलगी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि मी पंच्याहत्तरीत आहे. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

तेव्हा आम्ही संगमनेरला राहत होतो. मी एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. पहाटेपासून गावोगावचे टेम्पो यायचे, कॅन उतरायचे आणि प्रत्येक कॅनमधला नमुना आमच्या टेबलावर यायचा. दूध आंबलंय का, फॅट किती, पाणी घातलंय का, ते बघायचं. पाणी निघालं की टेम्पोबरोबर आलेला माणूस वाद घालणारच. एक जण तर दर आठवड्याला म्हणायचा, "साहेब, पानी आमी न्हाई घातलं. गाईच लई पानी पित्यात, त्याला आमी काय करनार?"

"मग गाईला सांगा, एवढं पिऊ नको," मी म्हणायचो. सगळे हसायचे आणि मी दूध परत पाठवायचो. माझ्या निर्णयाला कोणी हात लावत नसे, आणि याचा मला अभिमान होता.

त्या कामाने मला एक खोड लावली. दूध संघात उकळतं पाणी आणि वाफ यांच्यावाचून पान हलत नाही. कॅन, झाकणं, नळ्या, बाटल्या, सगळं वाफेवर. एक झाकण नीट धुतलं गेलं नाही तर अख्ख्या टाकीचं दूध नासतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. घरीही माझं तेच चालायचं. चहाची गाळणी, मुलगी लहान असताना तिची वाटी, जीभ घासायची पट्टी, जे दिसेल ते मी उकळून घ्यायचो. एकदा ताप बघायचा थर्मामीटरही उकळत्या पाण्यात घालून फोडला. बायको म्हणाली, "अहो, आता एकदा आम्हालाच उकळून काढा, म्हणजे तुमचं समाधान होईल." तरी खोड गेली नाही.

मुलीचे वरचे चार दात बरेच पुढे होते. शाळेत तिला 'फावडी' म्हणायचे. घरात ती खळखळून हसायची, पण कोणी पाहुणा आला की हात तोंडावर जायचा. बायकोने विषय लावून धरला. "आत्ता केलं तर होईल," ती म्हणाली. "उद्या लग्नाच्या वेळी धावपळ करून दात आत जायचे नाहीत."

दात सरळ करणारे डॉक्टर दर दुसऱ्या शनिवारी नाशिकहून यायचे आणि बसस्टँडजवळच्या एका दवाखान्यात बसायचे. माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनी दोन उपाय सांगितले. एक, दातांना कायमच्या तारा चिकटवायच्या. त्याला खर्च जास्त आणि मधूनमधून नाशिकला जावं लागणार. दुसरा, काढता-घालता येणारी प्लेट. आता जे पारदर्शक साचे मिळतात ते तेव्हा नव्हते. तेव्हाची प्लेट म्हणजे टाळूला बसणारा गुलाबी प्लॅस्टिकचा तुकडा आणि पुढच्या दातांवरून जाणारी तार. जेवताना काढायची, बाकी दिवसरात्र तोंडात. दर महिन्याला डॉक्टर तार थोडी आवळणार. सगळे मिळून चोवीसशे रुपये, चार हप्त्यांत. माझ्या पगाराच्या मानाने रक्कम मोठी होती, पण न झेपणारी नव्हती. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी ती झेपत नसल्यासारखं वागलो.

प्लेट देताना डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, "गार पाण्यात ठेवायची, मऊ ब्रशने घासायची. गरम पाणी अजिबात लावायचं नाही." मी मान हलवली. मनात म्हटलं, जंतूंबद्दल यांनी मला काय शिकवायचं.

सुरुवातीला मुलीला बोलता येईना. 'स' म्हटलं की शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं. तिची आई तिला मुद्दाम म्हणायला लावायची, "म्हण, सशाने ससाणा पाहिला." दोघी हसून बेजार व्हायच्या. मुलगी ते वाक्य स्वयंपाकघरात, अंघोळीला जाताना, शाळेच्या वाटेवर म्हणत राहिली आणि आठवड्यात तिला ते जमलं. सोनाराकडून आणलेल्या कानातल्यांची लाल डबी तिने प्लेटसाठी घेतली. जेवायला बसताना प्लेट धुऊन डबीत, जेवण झालं की चूळ भरून परत तोंडात. तिला आठवण करावी लागल्याचं मला स्मरत नाही. चार महिन्यांत तिचा वरचा ओठ खालच्या ओठाला सहज टेकायला लागला. दोन हप्ते भरून झाले होते.

पाचव्या महिन्यात तिला ताप आला आणि तोंड आलं. हिरड्यांना, जिभेला फोड. दोन दिवस प्लेट डबीतच होती. दुसऱ्या दिवशी मला सुटी होती. बायको बाजारात गेली होती, मुलगी झोपली होती. माझ्या डोक्यात आलं, हे फोड आले कशाने? तोंडात दिवसरात्र राहणारी वस्तू नुसत्या गार पाण्याने कशी स्वच्छ होईल? मी पातेल्यात पाणी ठेवलं, खळखळून उकळू दिलं, त्यात प्लेट टाकली आणि घड्याळ लावून दहा मिनिटं उभा राहिलो. बाहेर काढली तेव्हा तिच्यावर पांढुरकी झाक आली होती. मला वाटलं, मळ निघाला. पुसून डबीत ठेवली आणि पातेलं घासून पालथं घातलं. कोणाला सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलं नाही.

बरं वाटल्यावर मुलीने प्लेट घातली. "अण्णा, ही बसत नाहीये."

"दोन दिवस घातली नाहीस म्हणून. दाबून बसव."

तिने दाबून बसवली. संध्याकाळी हिरडीतून रक्त येत होतं. दुसऱ्या दिवशी ती जेवत असताना मी डबी उघडली आणि प्लेट फरशीवर ठेवून पाहिली. एक बाजू उचललेली होती. बोट लावलं की डुगडुगत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी ती परत डबीत ठेवली आणि ठरवलं, शनिवारी डॉक्टर बघतील, नीट करतील, आपण बोलायची गरज नाही. तोवर चार दिवस मुलगी ती वाकडी प्लेट दाबून घालत होती.

शनिवारी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी प्लेट बसवून पाहिली, काढली, परत बसवली.

"किती दिवस घातली नव्हती?"

"दोनच दिवस," मुलगी म्हणाली. "ताप होता."

"दोन दिवसांत एवढं होत नाही. खरं सांग. मी रागावणार नाही."

"खरंच, दोनच दिवस."

डॉक्टरांनी प्लेट उजेडाकडे धरली. "हिला गरम पाणी लागलंय का?"

"छे हो," बायको म्हणाली. "गार पाण्याशिवाय नाही. माझ्या देखत धुते ती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही."

एवढंच बोललो. त्यांनी पहिल्या दिवशी बजावून सांगितलं होतं, ते माझ्या निम्म्या अनुभवाचे होते, आणि दूध संघात मी इतरांच्या चुका काढणारा माणूस होतो. एवढ्यासाठी. याहून मोठं कारण शोधून मला सापडलेलं नाही.

"मग ती घालत नसणार," डॉक्टर म्हणाले. "दात परत पुढे सरकलेत, म्हणून प्लेट बसत नाही. नवीन करावी लागेल. माप परत घ्यावं लागेल आणि तिचे पैसे वेगळे होतील."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला काही कळलं होतं म्हणून नाही. आई रागावली की मी तिची बाजू घ्यायचो, आणि आता मी बोलेन असं तिला वाटलं. मी डॉक्टरांना म्हणालो, "विचार करून कळवतो."

पायऱ्या उतरताना बायको तिला म्हणाली, "शाळेत डबीतच ठेवत होतीस ना? मैत्रिणींसमोर लाज वाटते बाईसाहेबांना."

"नाही गं आई. घालत होते."

"खोटं बोलू नकोस. डॉक्टर काय वेडे आहेत?"

मी पुढे जाऊन स्कूटर सुरू केली.

आम्ही परत गेलो नाही. दवाखान्यातून एकदा निरोप आला, तेव्हा मी कळवलं की ती घालतच नाही तर नवी कशाला करायची. राहिलेले दोन हप्ते वाचले, नव्या प्लेटचे वाचले. त्याच दिवाळीत आम्ही कलर टीव्ही घेतला. दात काही महिन्यांत बरेचसे पूर्वीच्या जागी आले. एक दात थोडा शेजारच्यावर चढून राहिला, तो अजून तसाच आहे.

लोकांना ही गोष्ट सांगितली बायकोने, पण तिला जे माहीत होतं तेच ती सांगत होती. राहात्याला माझी मोठी बहीण राहते, आम्ही तिला आक्का म्हणतो. आक्काला हा किस्सा फार आवडला. ती मुलीला 'प्लेटवाली' म्हणायला लागली. काही हरवलं की, "प्लेटवालीला विचारा." मुलीच्या लग्नात मांडवात बायकांसमोर म्हणाली, "दागिने हिच्या ताब्यात देऊ नका गं, प्लेटीवानी करील." सासरची मंडळी हसली. मीही हसल्यासारखं केलं.

पण सगळ्यात वाईट मी स्वतः बोललो. बारावीनंतर तिला पुण्याला शिकायला जायचं होतं. मार्क होते, वसतिगृहात जागा मिळत होती. मला ती इतक्या लांब जायला नको होती, आणि नाही म्हणायला माझ्याजवळ कारण नव्हतं. मी म्हणालो, "एक प्लेट सांभाळता आली नाही, पुण्यात एकटी काय सांभाळणार तू?" ती उभी होती, ती आत निघून गेली. संगमनेरच्या कॉलेजात तिने बी.एस्सी. केलं. तो विषय तिने पुन्हा काढला नाही, मीही नाही. हे वाक्य बोलताना मला सगळं नीट आठवत होतं, पातेलंसुद्धा.

लग्नानंतर ती पुण्यालाच गेली. बायकोला जाऊन आता तीन वर्षं झाली. मागच्या वर्षी मी महिनाभर मुलीकडे राहायला होतो. नातीचेही दात आईसारखेच पुढे आहेत. तिला पारदर्शक साचे बसवलेत. घातलेले दिसतसुद्धा नाहीत. दर पंधरा दिवसांनी नवा जोड, जेवताना काढायचे, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला मोबाईलवरून जातात. रक्कम ऐकून मी पुन्हा विचारली. त्या दिवशी मुलगी भाजी निवडत होती आणि नात बेसिनपाशी साचे धूत होती. मुलगी तिला म्हणाली, "गार पाणी घे हं. गरम पाण्याने वाकतात ते."

नात धुऊन क्लासला गेली. मी मुलीला सगळं सांगितलं. पातेलं, दहा मिनिटं, डॉक्टरांसमोरचं 'नाही', आणि पुण्याचं.

ती मेथीची पानं खुडत राहिली. मग विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"कधीच सांगितलं नाहीत?"

"नाही."

"ती जायच्या आधी दवाखान्यात मला म्हणाली होती, औषधांची पिशवी माझ्या उशाशी ठेव, तू कुठेतरी विसरशील." मुलीने जुडी बाजूला ठेवली. "सहा आठवडे मी तिची एक गोळी चुकवली नव्हती."

मी म्हणालो, माझं चुकलं. आणखीही काही म्हणालो असेन.

"अण्णा, हे मला सांगून काय उपयोग? मी रोज घालत होते हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

ती रडली नाही, आणि तुम्हाला माफ केलं असंही म्हणाली नाही. उठून भाजी फोडणीला टाकली. जेवताना मला वाढलं, रोजच्यासारखं.

परत आल्यावर पहिल्यांदा मी राहात्याला आक्काकडे गेलो. ती ओसरीवर बसली होती. मी म्हणालो, "आक्का, पोरीची ती प्लेट मी उकळून बिघडवली होती. ती रोज घालायची."

तिला समजायला वेळ लागला. "मग तवाच का न्हाई बोललास?"

"लाज वाटली."

"डॉक्टरची?"

"हो."

"आन पोरीची न्हाई वाटली व्हय रे?"

आक्का म्हणाली, "फोन लाव तिला." मी लावून दिला आणि उठायला लागलो, तर माझा हात धरून म्हणाली, "तू हितंच बस." मग फोनवर मोठ्याने, "पोरी, आत्या बोलतीय. मी तुला लई बोलले गं. मांडवात बोलले, बारशात बोलले. तुझा बाप हितं मान खाली घालून बसलाय." पलीकडून मुलगी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आक्का बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होती.

त्यानंतर मी मुलीच्या मामाला सांगितलं, धाकट्या मावशीला सांगितलं. मामा म्हणाला, "जाऊ द्या, दाजी, आता कशाला उकरता." मी त्याला पूर्ण ऐकायला लावलं. आता मोठी मावशी राहिली आहे. तिला अजिबात ऐकू येत नाही, पण चष्मा लावून वाचते. हे तिच्यासाठी लिहिलंय. उद्या घेऊन जाणार आहे, आणि ती वाचून होईपर्यंत समोर बसणार आहे.